शिलाईच्या दुकानाची वही आणि ऑनलाइन अकाउंटिंग: तारखेवार नोंदी

२९ जून २०२५

ऐरोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, सीझनला शिवलेली नऊवारी पण देते. कटिंग मी करते आणि एक कारागीर पीसवर शिवतो. सहा वर्षं माझा हिशेब म्हणजे एक दोनशे पानी वही, डावीकडे आले, उजवीकडे गेले, महिनाअखेर उरलं काय ते बघायचं. परवा रिटर्नसाठी सीएकडे गेले तर त्याने फक्त वर्षाची जमा विचारली, रोख किती आणि यूपीआय किती, इन्कम टॅक्सच्या ४४एडी कलमाखाली रोखीवर ८ टक्के आणि डिजिटलवर ६ टक्के नफा धरला आणि पाच मिनिटांत काम संपलं. मी म्हटलं अहो पण माझा खरा नफा किती? तर म्हणाला, "ताई, ते तुम्हालाच माहीत."

मला कुठे माहीत होतं. महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार सुटतात असं मी सगळ्यांना सांगत आलेय, नवऱ्याला पण.

म्हणून आज एका अमेरिकन कॉलेजचा फायनान्शियल अकाउंटिंगचा बेसिक कोर्स चालू केला. बारा आठवड्यांचा आहे, व्हिडिओ फुकट, क्विझ आणि सर्टिफिकेट हवं तर ४,१०० रुपये. सध्या फुकटवालाच घेतलाय. सोबत दुकानाचा एप्रिल ते जूनचा हिशेब डबल एन्ट्रीने (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा) पहिल्यापासून लिहून काढायचा, म्हणजे प्रॅक्टिस होईल. आमच्या लाइनमधल्या अजून दोघी-तिघींना हे करायचंय, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतेय. मी बारावी आर्ट्स, त्यामुळे चुका भरपूर होणार आणि त्या सगळ्या लिहिणार.

३ जुलै

पहिला आठवडा संपला. १४९४ साली व्हेनिसमध्ये पाचोली नावाच्या साधूने डबल एन्ट्री पुस्तकात छापली वगैरे, ते पटकन पुढे ढकललं. मग समीकरण. मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचं भांडवल. ऐकायला दोन मिनिटं लागतात, स्वतःच्या दुकानाला लावायला अख्खी संध्याकाळ गेली.

१ एप्रिलला माझ्याकडे काय होतं त्याची यादी केली. गल्ला आणि बँक मिळून ३४,८००. अस्तर, हुक, दोरे, लेस अंदाजाने ७,४०० (हा अंदाजच आहे, तेव्हा मोजलं नव्हतं). गिऱ्हाइकांकडे उधारी ३,०५०. दुकानाचं डिपॉझिट ६०,०००. हे डिपॉझिट मी सहा वर्षं "गेलेले पैसे" समजत होते! जुन्या दोन मशिनी शून्य धरल्या, त्यांचं काय यायचं ते येऊन गेलं. उलट्या बाजूला मार्चमध्ये घेतलेले ॲडव्हान्स ९,२००, ज्यांचे कपडे द्यायचे बाकी होते. म्हणजे माझं भांडवल ९६,०५०. हा आकडा बघून उगाच पाठ ताठ झाली.

१० जुलै

नावे-जमा, म्हणजे डेबिट-क्रेडिट. इथे प्रत्येक जण अडतो म्हणतात, मी पण अडलेच. कोर्सवाले सर म्हणतात रोख किंवा बँक वाढली की डेबिट. आणि माझ्या मोबाईलवर बँकेचा मेसेज, तुमच्या खात्यात ६५० क्रेडिट झाले. पैसे आले तर क्रेडिट की डेबिट? व्हिडिओ चार वेळा बघितला, सर बँकेचं नावच काढत नाहीत.

शेवटी सासऱ्यांना विचारलं. बाबा आधी मसजिद बंदरला आणि नंतर वाशीच्या दाणा बंदरात एका अडत्याकडे दिवाणजी होते, रिटायर होईपर्यंत कीर्द-खतावणीच केली (कीर्द म्हणजे रोजची नोंद, खतावणी म्हणजे ती ज्या त्या खात्यावर चढवणं). मेसेज हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, ही वही कुणाची? बँकेची. बँक तुझं देणं लागते म्हणून तिच्या वहीत तू जमा. तुझ्या वहीत बँक नावे. दुसऱ्याच्या वहीत बघून आपली लिहायची नाही."

बास. एवढंच हवं होतं.

१८ जुलै

आठ दिवस पाण्यात गेले, आणि कारण बाबाच. म्हणजे चूक माझी, पण कारण ते.

मागच्या शुक्रवारी बाबांनी माळ्यावरून त्यांची एक जुनी वही काढून दाखवली. लाल कापडी बांधणी, लांबट पानं, रेघा नाहीतच, पानाला सळ पाडलेले आणि त्या सळांतच आकडे बसवलेले. अक्षर मोत्यासारखं. मला ती इतकी आवडली की मी माझी खाती तशीच मांडली, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. देशी वहीत जमा डावीकडेच असते. आणि कोर्समध्ये डेबिट, म्हणजे नावे, डावीकडे. बरोब्बर उलट. गंमत अशी की रोकडीच्या पानावर हे कळतच नाही, कारण दोन्हीकडे आलेले पैसे डावीकडेच येतात, देशी वही देणाऱ्याच्या नावाने ते जमा लिहिते आणि विलायती पद्धत रोख खात्याला नावे टाकते, पान दिसायला सारखंच. म्हणून मला वाटलं सगळं ठीक चाललंय. गिऱ्हाईक, अस्तरवाला, भाडं असली चौदा खाती उलटी खतावून झाल्यावर आज आठवड्याच्या गणिताशी ताडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की माझ्या वहीप्रमाणे गिऱ्हाइकं माझी देणेकरी नसून मीच त्यांची देणेकरी आहे.

चौदाही पानं परत लिहिली. आता प्रत्येक खात्याच्या डोक्यावर लाल पेनने "नावे" आणि "जमा" लिहूनच सुरुवात करते. बालिश दिसतं, दिसू दे.

अजून एक. बाबा सांगतात घेणारा नावे देणारा जमा, येणारं नावे जाणारं जमा, खर्च-तोटा नावे उत्पन्न-नफा जमा. कोर्स सांगतो समीकरणाची कुठली बाजू वाढली ते बघ. उत्तर दोन्हींनी सारखंच येतं, पण एका एन्ट्रीत अर्धं हे अर्धं ते लावलं की डोक्याचा भुगा होतो. मी समीकरण धरलं. बाबा थोडे नाराज आहेत.

२७ जुलै

हा रविवार, आधीचा रविवार आणि त्याच्या आधीचा, तीन रविवार फक्त एका कामात गेले. दुकानाचा क्यूआर माझ्या घरच्या सेव्हिंग खात्यालाच जोडलेला आहे. त्याच खात्यातून दूध, पोराची क्लासची फी, गॅस, नणंदेला पाठवलेले पैसे, सगळं. कोर्समध्ये एक वाक्य आहे की धंदा वेगळा आणि मालक वेगळा, ते पाच सेकंदात सांगून सर पुढे गेले. इथे मी स्टेटमेंटच्या प्रिंट काढून (९६ रुपये) गुलाबी हायलायटरने घरचं आणि पिवळ्याने दुकानाचं रंगवत बसले. यूपीआयमध्ये नुसती नावं येतात, ३५० रुपये कुणीतरी दिले, ते ब्लाउजचे का भिशीचे? बिलबुकाच्या दुसऱ्या कॉपीशी एकेक लावून बघावं लागलं.

यात साउंडबॉक्सचं भाडं सापडलं, महिन्याला ११८, तीन महिन्यांचे ३५४, माझ्या वहीत कधी आलंच नव्हतं. मे महिन्याच्या भाड्याचा चेक मी ३१ तारखेला दिला आणि जागामालकाने ६ जूनला टाकला, त्यामुळे मेअखेर बँकेत १८,००० जास्त दिसत होते. तेवढं सोडलं तर बँक जुळली.

घरी नेलेल्या सगळ्या पैशांची बेरीज उचल खात्याला टाकली. ६१,५००. दोनदा केली बेरीज.

करायचंच असेल तर पहिल्या दिवशी दुकानाचं वेगळं खातं उघडा, मग कोर्स चालू करा. मी १ ऑगस्टपासून क्यूआर बदलतेय.

३ ऑगस्ट

फक्त एप्रिलची तेरीज काढली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. नावे बाजू ८६० ने कमी आणि जमा जास्त. बाबांना म्हटलं सांगू नका, मी शोधते. कोर्सच्या नोट्समध्ये होतं, फरकाचा अर्धा करा आणि तेवढा आकडा चुकीच्या बाजूला गेलाय का बघा. ४३०. रिक्षा-चहाच्या खात्यात जमा बाजूला बसलेला होता. दहा मिनिटं. मला वाटलं मी आता शिकले.

११ ऑगस्ट

४,१०० भरले. क्विझ बंद असल्यामुळे आपण चुकतोय का ते कळत नव्हतं आणि फुकटात नुसतं मान डोलवणं होत होतं. पहिल्या क्विझला १० पैकी ५. निम्मे मार्क शब्दांनी खाल्ले, येणं म्हणजे रिसीव्हेबल आणि देणं म्हणजे पेएबल, ते मी घाईत उलटं वाचते. वर्ष पण त्यांचं ३१ डिसेंबरला संपतं, आपलं ३१ मार्चला, तारखांवरची दोन गणितं त्यातच गेली.

मालाच्या धड्यात लिफो आहे, शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायचं. अमेरिकेत चालतं, आपल्याकडे एएस २ (मालाचा अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे नाही चालत, फिफो (आधी आलेला माल आधी विकला) नाहीतर वेटेड ॲव्हरेज (सरासरी किंमत). परीक्षेपुरतं केलं आणि सोडलं.

१९ ऑगस्ट

काल-आज पाऊस असा की दुकान उघडण्यात अर्थच नव्हता, कारागीर कळव्याहून येतो, गाड्याच बंद. घरी बसून तीन महिन्यांची पूर्ण तेरीज लावली. फरक २,७००. नावे जास्त.

अर्धा केला, १,३५०. असा आकडा कुठेच नाही. बेरजा परत केल्या. त्याच आल्या. नवीन बारा आकडी कॅल्क्युलेटर आणला होता (३४० रुपये), त्याच्यावर पण त्याच आल्या.

२३ ऑगस्ट

सापडला. चार संध्याकाळी गेल्या, रोज दीड-दोन तास.

काल बाबा म्हणाले, नवाने भागून बघ. २,७०० भागिले ९, बरोबर ३००. म्हणाले, नवाने तुटला म्हणजे आकडे उलटे पडलेत. तीनशे आले म्हणजे हजाराच्या आणि शेकड्याच्या घरातले दोन आकडे आपसात बदललेत आणि त्या दोघांत तीनचा फरक आहे. मी मान्यच करेना, असं कसं कळेल? तर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. १,४०० चे ४,१००, २,५०० चे ५,२००, ३,६०० चे ६,३००, ४,७०० चे ७,४००, असेच पुढे. शेवटचे दोन आकडे काहीही असू शकतात. किंवा एखादं शून्य खाल्लं, ३,००० चे ३०० झाले, तरी फरक २,७००च.

मग सगळी वही न वाचता फक्त हेच आकडे शोधायचे. आधी मी ७,४०० वर झडप घातली, सुरुवातीचा माल, नक्की हाच. नव्हता, तो बरोबर होता. एक तास गेला त्यात. मग मे महिन्यात आले. १७ मे, लग्नाच्या सहा ब्लाउजचे एकदम आलेले ५,२००. रोजकीर्दीत ५,२००, बँकेच्या पानावर ५,२००, आणि शिलाईच्या खात्यावर माझ्याच अक्षरात २,५००. त्या दिवशी खतावताना गिऱ्हाईक समोर उभं होतं, एवढं आठवतंय.

कोर्समध्ये ही नवाची ट्रिक एका ओळीत होती, मी वाचली पण होती. पुढचं, कुठल्या घरातले आकडे आणि किती फरकाचे, ते नव्हतं. ते दाणा बंदरातून आलं.

२४ ऑगस्ट

तेरीज जुळली म्हणून सकाळी पेढे आणले आणि दुपारी कळलं की जुळली म्हणजे बरोबर असं काही नसतं. जुकीची मशीन मी पाडव्याला बुक केली, १ एप्रिलला आली, २६,५००. टेम्पो आणि फिटिंगवाल्याचे १,१०० मी प्रवास-किरकोळमध्ये टाकले होते. दोन्ही नावेच, त्यामुळे तेरजेला काही फरकच पडत नाही. पण मशीन चालू होईपर्यंतचा खर्च मशिनीच्या किमतीत धरतात, म्हणजे २७,६००. काढून तिकडे टाकले.

२७ ला गणपती. त्याआधी ब्लाउजचा ढीग आहे. वही बंद.

९ सप्टेंबर

परत चालू. हा आठवडा ॲडजस्टमेंटचा, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सचा जीव इथे आहे. बाकी सगळं लिहिण्याची शिस्त आहे.

आज दुकानात एक काकू पैठणीचा ब्लाउजपीस घेऊन आल्या. माप घेतलं, गळा ठरला, बाहीला काठ लावायचा ठरला, दसऱ्याच्या आधी हवा. पर्समधून पाचशेची नोट काढून दिली, मी बिलबुकात ॲडव्हान्स ५०० लिहिलं, कॉपी फाडून दिली, नोट गल्ल्यात. सहा वर्षं मी इथेच "आज ५०० कमावले" म्हणत आले. काकू जिना उतरून गेल्या आणि मी त्या नोटेकडे बघत बसले. टेबलावर पीस तसाच, कात्री पण लावलेली नाही. ह्या क्षणी मी काकूंचं पाचशेचं काम देणं लागते. कपडा हातात जाईल तेव्हा ती कमाई. कोर्समध्ये याला अनअर्न्ड रेव्हेन्यू म्हणतात, आणि ते देण्यांच्या बाजूला बसतं, म्हणजे अस्तरवाल्याच्या उधारीच्या शेजारी.

संध्याकाळी बिलबुकं काढून ३० जूनला कोणाकोणाचे कपडे द्यायचे बाकी होते ते शोधलं. मंगळागौरीच्या नऊवाऱ्या, दोन मुंजींचं, आणि एक बाई ॲडव्हान्स देऊन गेल्या त्या अजून आल्याच नाहीत. एकूण १८,४००. उलट कपडे दिलेत पण पैसे यायचेत असे ६,२५०.

मग तीन महिन्यांची खरी शिलाई किती? आलेले २,११,०००. त्यात मार्चच्या ॲडव्हान्सचे ९,२०० मिळवले कारण ते काम आता झालं, जूनअखेरचे १८,४०० वजा, उधारी ६,२५० अधिक, एप्रिलच्या आधीची वसूल झालेली ३,०५० वजा. २,०५,०००.

१४ सप्टेंबर

खर्चाच्या बाजूला तेच. जूनचं भाडं १८,००० मी जुलैत दिलं, पण दुकान जूनमध्ये वापरलं ना. लाइटबिलाचे ३,५०० भरलेले आणि जूनचं १,९०० जुलैत आलं, म्हणजे ५,४००. विमा १ एप्रिलला वर्षाचा २,४०० भरला, त्यातले ६००च या तिमाहीचे, १,८०० अजून माझे आहेत.

घसारा, म्हणजे मशीन झिजते त्याचा खर्च. मशीन आठ वर्षं धरली, शेवटी ३,६०० ला जाईल असं धरलं, म्हणजे वर्षाला ३,००० आणि तिमाहीला ७५०. इन्कम टॅक्समध्ये मशीनरीला १५ टक्के घटत्या किमतीवर असतो, पण ४४एडी मध्ये तो वेगळा मिळतच नाही, त्यामुळे माझ्या वहीत मला समजेल तसा ठेवला.

माल मोजणं सगळ्यात कंटाळवाणं. ३० जूनचा माल आता कसा मोजणार? तेव्हा मी फोटो काढून आणि मीटर लिहून ठेवले होते, एवढं एक शहाणपण केलं होतं. यादी १३,९०० ची झाली. मग नियम, खरेदी किंमत आणि विकून येणारी किंमत यात जी कमी ती. ६० रुपये मीटरची सोनेरी लेस आता कोणी लावत नाही, २० ने जाईल. ब्लाउजलाही न पुरणारे अस्तराचे तुकडे शून्य. राहिले ११,०००. माझा जीएसटी नंबर नाही, त्यामुळे बिलावर भरलेला ५ टक्के परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच धरला.

रात्री नफा काढला. ५८,२४०. महिन्याला एकोणीस हजाराच्या वर. सत्तावीस नाहीत, पण ठीक आहे म्हटलं.

१८ सप्टेंबर

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या अस्तरवाल्याचा फोन. "ताई, जूनचं बिल राहिलंय, ८,६००." २८ जूनला माल आला, मी फोटो काढले, मोजला, कपाटात लावला. बिल पिशवीत. पिशवी घरी. पिशवीत कोथिंबीर होती, त्यामुळे बिल कुठे गेलं ते सांगायला नको.

म्हणजे माल मी शिल्लक म्हणून धरला आणि खरेदी धरलीच नाही. तेरजेला पत्ताच नाही, कारण दोन्ही बाजू लिहिलेल्या नाहीत. फुकट आलेल्या अस्तराने माझा नफा ८,६०० ने फुगला होता. त्याला म्हटलं बिलाचा फोटो व्हॉट्सॲप कर. आता बिल हातात आलं की पहिलं फोटो, मग पिशवी.

२१ सप्टेंबर

उद्या घटस्थापना, आज संपवायचंच होतं. शेवटचा हिशेब:

शिलाई २,०५,०००. खर्चात भाडं ५४,०००, कारागीर ६२,०००, माल ७,४०० अधिक खरेदी ३१,६०० वजा शिल्लक ११,००० म्हणजे २८,०००, लाइट ५,४००, घसारा ७५०, विमा ६००, प्रवास-चहा-साउंडबॉक्स वगैरे ४,६१०. एकूण १,५५,३६०. नफा ४९,६४०. महिन्याला साडेसोळा हजार.

मग माझे सव्वीस-सत्तावीस कुठून यायचे? ते पण काढलं. मशीन सोडून दिलेले सगळे पैसे १,३१,५१०, आलेल्या २,११,००० मधून गेले तर ७९,४९०, भागिले तीन, साडेसव्वीस. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, गल्ल्यात ते दिसत होतेच. फक्त त्यात जागामालकाचं भाडं होतं, अस्तरवाल्याचे ८,६०० होते, वाढलेले ॲडव्हान्स होते.

आणि उचल ६१,५००. नफा ४९,६४०. तीन महिन्यांत मी दुकानातून कमाईपेक्षा ११,८६० जास्त घरी नेले. भांडवल ९६,०५० वरून ८४,१९० वर. पोराच्या क्लासची फी कुठल्यातरी काकूंच्या ॲडव्हान्समधून गेलीय आणि त्यांना ते माहीत नाही, मलाही नव्हतं.

ताळेबंद दोन्हीकडे १,३१,०९०, पहिल्या झटक्यात जुळला. कोर्सच्या पद्धतीने रोख वर आणि मशीन-डिपॉझिट खाली लिहिलं तर बाबा म्हणाले गल्ला सगळ्यात वर कोण लिहितं, आधी स्थावर. मग भांडवलाची ओळ वाचली आणि गप्प बसले. नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. त्याने दोन मिनिटांनी विचारलं, मग क्लासची फी मी भरू का पुढच्या वेळेपासून? हो म्हटलं.

१२ ऑक्टोबर

फायनल परीक्षा, ७८ टक्के. कॅश फ्लोचं गणित चुकलं, नफ्यातून सुरुवात करून रोखीपर्यंत यायचं असतं. लाज वाटली, कारण २१ तारखेला हेच मी उलट्या दिशेने दुकानाचं करून बसले होते, पण प्रश्नात डॉलर आणि तीन वर्षांचे आकडे बघून गडबडले.

शिकायला खर्च किती आला असं विचारलंय, म्हणून सांगते: फी ४,१००, कॅल्क्युलेटर ३४०, प्रिंट ९६, तीन रजिस्टर प्रत्येकी ९०, एकूण ४,८०६. वेळ आठवड्याला सात-आठ तास, गणपतीचे दिवस सोडून. बारा आठवड्यांचा कोर्स मला पंधरा लागले. फी दुकानाचा खर्च की उचल यावर घरात वाद झाला. मी उचलीला टाकली, शिकले मी, दुकान नाही.

टॅली सॉफ्टवेअर का नाही घेतलं असं एकीने विचारलं. घेईन. आधी हाताने लिहिलं नसतं तर ती डावी-उजवी चूक मला कधी दिसलीच नसती.

२३ ऑक्टोबर

काल पाडवा झाला. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर लावतेय. ॲडव्हान्सचे पैसे आता वेगळ्या पाकिटात जातात, कपडा दिला की पाकिटातून गल्ल्यात. उचल महिन्याला १५,००० ठरवली, सप्टेंबरला १६,२०० झाली. जुलै चाळीस मिनिटांत जुळला, ऑगस्ट पण. सप्टेंबरला ५० चा फरक आहे. नवाने तुटत नाही. पंचवीसचा आकडा कुठे नाही. सध्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे चूक सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून ठेवलाय.

नवरा खिशातून पन्नासची नोट काढून म्हणाला, हे घे, टाक गल्ल्यात आणि झोप. मी म्हटलं गल्ल्यात टाकले तर रोकड पन्नासने वाढेल आणि तेरीज आहे तिथेच राहील. बाबा पेपरच्या आडून हसले. नोट मी घेतली, ती उचलीतून वजा केलीय. आता जेवण झालं की १ सप्टेंबरपासून परत खतावणी लावते.